नवाबांचा वाडा आणि सामरीचे भूत

मागच्या हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली होती. आठवी-नववीची मुले-मुली, दोन एस.टी. गाड्या, घरून आणलेले डबे आणि मुख्याध्यापकांच्या सूचनांची लांबलचक यादी. इतिहास मी शिकवते, म्हणून माहिती सांगण्याची जबाबदारी माझ्यावर होती. आठवडाभर टिपणे काढली होती. सिद्दी कोण होते, आफ्रिकेतून कोकणच्या किनाऱ्यावर कसे आले, समुद्रातला किल्ला कुणालाच का जिंकता आला नाही, संस्थान १९४८ मध्ये कसे विलीन झाले, सगळे क्रमाने लिहून घेतले होते.

अलिबागकडून येताना मुरूड गावात शिरण्याच्या अलीकडे टेकडीवर नवाबांचा वाडा दिसतो. १८८५ च्या सुमारास नवाब सिद्दी अहमद खान यांनी तो बांधला. समोर अरबी समुद्र. आजही ती खाजगी मालमत्ता आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहायचा. मी उभी राहिले, टिपणाचा कागद उघडला, आणि तोंडातून शब्द निघण्याआधीच मागच्या बाकांवरून आरोळी उठली, "टीचर, सामरी! वो देखो सामरी का बंगला!" मग साऱ्या गाडीत एकच गलका. एका मुलीने ओढणीने डोळे झाकून घेतले आणि ओढणीच्या फटीतून पाहू लागली.

रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ सालचा. माझी ही मुले त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी जन्मली. मोबाईलवर त्यांनी तो पाहिला होता. नवाब, सिद्दी, संस्थान यांतला एकही शब्द त्यांना त्या वाड्याकडे पाहून आठवला नाही. आठवला तो सामरी, शिर वेगळे करून पेटीत बंद केलेला, लालभडक डोळ्यांचा सैतान.

क्षणभर मला राग आला. मग वाचकहो, माझी मलाच लाज वाटली. कारण हा वाडा मीही पहिल्यांदा सामरीमुळेच ओळखला होता.

माझे मामू कुवेतला होते. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आखाताचा पैसा आला तसा व्हीसीआरही आला, आमच्याकडेही आला. भाड्याची कॅसेट आणायची, दिवे मालवायचे आणि सगळ्या चुलत-मावस भावंडांनी एका गोधडीत शिरून पाहायचे. दादी टीव्हीकडे पाठ करून तस्बीह ओढत बसायची. तिच्या मते सिनेमा पाहणे गुनाह होते, ऐकणे तेवढा नव्हता. मधूनच विचारायची, "मेला का तो?" आम्ही म्हणायचो, "अजून नाही." ती पुन्हा तस्बीह ओढू लागायची. त्या रात्री पडद्यावर वाडा दिसला तेव्हा मामू म्हणाले की हे आपले मुरूड आहे. दादी चटकन वळली. तिच्या वडिलांनी नवाबांच्या कचेरीत कारकुनी केली होती. चष्मा लावून तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हा तर आपल्या नवाबांचा वाडा. ह्यात मंदिर कुठून आलं?"

आम्ही सगळे हसलो. पण हा प्रश्न मी पुढे बी.ए.ला आणि बी.एड.ला असतानाही विसरू शकले नाही. मंदिर-मशीद अशा अर्थाने तो नव्हता, दादीला तसले काही सुचतच नसे. तिला एवढेच कळत नव्हते, की ज्या घराचे नाव, गाव, मालक, नोकर सगळे ठाऊक आहे, त्या घरात भूत राहायला कसे आले. या प्रश्नाचा माग काढता काढता मी मुंबईतले जुने भुताचे सिनेमे एकामागून एक पाहिले. भीती वाटावी म्हणून पाहायला लागले होते, पण हळूहळू माझे लक्ष भुतापेक्षा घराकडे जास्त जाऊ लागले.

आपल्याकडच्या वाड्याच्या सिनेमांची सुरुवात बहुतेक जण १९४९ च्या 'महल'पासून धरतात. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट. अलाहाबादजवळ नदीकाठी 'संगम भवन' नावाची ओसाड हवेली, तिथे राहायला आलेला नवा मालक हरीशंकर म्हणजे अशोककुमार, आणि म्हातारा माळी. माळी गोष्ट सांगतो. हवेली बांधणारा पुरुष रात्री नावेतून यायचा, कामिनी नावाची स्त्री वाट पाहत राहायची. एका वादळी रात्री नाव बुडाली, मी परत येईन असे तो ओरडला, पुढे तीही बुडाली. शंकर भिंतीवरची तसबीर पाहतो तर चेहरा त्याचाच. मग पावलांचे आवाज, दूरवरून येणारे गाणे, झोपाळ्यावर बसलेली पांढऱ्या वेशातली स्त्री. ती मधुबाला. वय अवघे सोळा.

लेखक-दिग्दर्शक होते कमाल अमरोही. 'पुकार'चे संवाद त्यांनी १९३९ मध्येच लिहिले होते, पण दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. 'आयेगा आनेवाला' हे गाणे नक्शब जारचवी यांचे, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, गळा लता मंगेशकर यांचा. रेकॉर्डवर गायिकेचे नाव नव्हते, 'कामिनी' असे पात्राचेच नाव छापले होते. रेडिओवर गाणे वाजू लागल्यावर लोक विचारू लागले की ही कामिनी कोण. गाणे दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून लताबाईंनी खोलीच्या कोपऱ्यातून मायक्रोफोनकडे चालत येत सुरुवातीच्या ओळी म्हटल्या, हा किस्सा आता सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात गंमत वाटते ती ही, की ज्या गाण्याने त्या देशभर पोहोचल्या, त्या गाण्यावर त्यांचे नाव नव्हते, एका भुताचे होते.

'महल'चा अंधार मला फार आवडतो. हल्लीच्या सिनेमात अंधार म्हणजे नुसते काळे असते, काही दिसत नाही. 'महल'मध्ये अंधाराला थर आहेत. झुंबराखाली उजेडाचे एक तळे, जिन्याच्या कठड्याच्या सावल्या, चेहऱ्याचा अर्धा भाग दिसतो, अर्धा नाही. हे काम जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचे. म्युनिकचा हा माणूस १९२५ मध्ये 'लाइट ऑफ एशिया'साठी हिंदुस्थानात आला, १९३४ मध्ये हिमांशू राय यांनी बॉम्बे टॉकीज काढली तेव्हा तिच्याशी जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत अडकवून ठेवले. सुटल्यावर तो मायदेशी परतला नाही. पुढे अमरोहींच्याच 'पाकीज़ा'चे चित्रीकरण चालू असताना १९६७ मध्ये तो इथेच वारला. जर्मन मूकपटांतल्या त्या लांबलचक सावल्या मालाडमध्ये कशा आल्या, याचे उत्तर या एका माणसाच्या आयुष्यात आहे.

पण त्याच सुमारास त्या स्टुडिओत आणखी काय चालले होते? सआदत हसन मंटो त्या वेळी बॉम्बे टॉकीजमध्ये होते. अशोककुमारवर त्यांनी लिहिलेल्या व्यक्तिचित्रात ही हकीकत येते. देवीकाराणी गेल्यावर स्टुडिओ अशोककुमार आणि सावक वाच्छा चालवू लागले. त्यांनी कामावर घेतलेल्यांत मंटो, शाहिद लतीफ, इस्मत चुगताई, कमाल अमरोही, नजीर अजमेरी, संगीतकार गुलाम हैदर असे बरेच मुसलमान होते. फाळणीचे दिवस. निनावी पत्रे येऊ लागली, की मुसलमानांना काढा, नाहीतर स्टुडिओला आग लावू. अशोककुमार आणि वाच्छा यांनी कुणालाही काढले नाही. पण स्टुडिओला काही झाले तर त्याला आपण जबाबदार ठरू, हे ओझे मंटोंना पेलवेना. १९४८ च्या जानेवारीत ते लाहोरला निघून गेले. कमाल अमरोही राहिले. राहिले आणि त्यांनी 'महल' केला.

मंटोंच्या त्याच लेखात आणखी एक प्रसंग आहे. दंगलीच्या दिवसांत रात्री अशोककुमार गाडी घेऊन मुसलमान वस्तीतून निघाला. मंटो शेजारी बसलेले, भीतीने अर्धमेले झालेले. समोरून वरात आली, लोकांनी अशोककुमारला ओळखले. आता संपले, असे मंटोंना वाटले. तर दोन तरुण पुढे आले आणि अदबीने त्यांनी गाडी कुठल्या गल्लीतून काढायची ते सांगितले. हा प्रसंग मी दरवर्षी नववीला सांगते. अभ्यासक्रमात नाही, तरी सांगते.

हे सगळे माहीत झाल्यावर 'महल' पुन्हा पाहावा. १९४९ साली रिकामी हवेली ही काही परीकथा नव्हती. उत्तर हिंदुस्थानातल्या गावोगावी कुलूप लागलेली घरे होती. कुणी गेले होते, कुणी परत येईन म्हणाले होते, कुणी कुणाच्या घरात राहायला आले होते. नव्या घरात जुन्या मालकाची तसबीर सापडावी, हे तेव्हा हजारो घरांत प्रत्यक्ष घडत होते. अमरोहींनी फाळणीवर सिनेमा काढला असा माझा दावा नाही. चित्रपटात तिचा एका अक्षरानेही उल्लेख नाही. पण पाहणाऱ्याच्या मनात ती असणारच.

आणखी एक गोष्ट, ज्यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा बराच वाद झाला. कथा पुनर्जन्माची, लेखक अमरोह्याचा सय्यद. हे कसे? माझे उत्तर असे, की शेवटी भूत खोटे निघते. झोपाळ्यावरची कामिनी ही माळ्याची मुलगी आशा. ओसाड हवेलीत कामिनीची गोष्ट ऐकत ती लहानाची मोठी झाली. माळ्याची मुलगी म्हणून मालकाने तिच्याकडे मान वर करूनही पाहिले नसते, म्हणून तिने एका मेलेल्या स्त्रीचे नाव पांघरले. पुनर्जन्मावर विश्वास ठेवतो तो शंकर, आणि त्या विश्वासापायी त्याची बायको रंजना जिवानिशी जाते. नवऱ्याच्या मागे ओसाड मुलुखात फरपटत गेलेली ती रंजना मला या सिनेमातली सर्वांत भयानक गोष्ट वाटते. भूत एकदाही दिसत नाही, आणि तरी एक बाई मरते. अमरोहींनी आपल्या अकीद्यामुळे शेवट असा केला की कथेची गरज म्हणून, हे कोण सांगणार? पण मुंबईच्या भूतपटाला त्यांनी एक वळण लावून दिले. पुढे पंधरा-वीस वर्षे हिंदी सिनेमातले भूत बहुतेक वेळा शेवटच्या रिळात माणूसच निघत राहिले.

या वळणाला एक मोठा अपवाद आहे, आणि तोही 'महल'च्याच माणसाचा. 'महल'चे संकलन केले होते बिमल रॉय यांनी. १९५८ मध्ये त्यांनी 'मधुमती' काढला. पावसाची रात्र, दरड कोसळून अडलेली गाडी, आसऱ्यासाठी गाठलेली हवेली आणि तिथे शिरताच नायकाला वाटू लागते की इथे मी आधी आलो आहे. यातले भूत खरे आहे आणि ते न्याय मागायला येते. कथा ऋत्विक घटक यांची, संवाद राजिंदर सिंग बेदी यांचे. जरा नावे पाहा. रॉय आणि घटक दोघेही ढाक्याकडचे, म्हणजे ज्या बंगालशी ताटातूट झाली त्या बंगालचे. बेदी लाहोर सोडून आलेले. नायक दिलीपकुमार पेशावरचे, लहानपणी देवळालीत वाढलेले. घर सुटलेल्या माणसांनी मिळून 'मी इथे आधी राहिलो आहे' असे म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

'मधुमती'चा आपल्या मुलुखाशीही संबंध आहे. बाहेरचे चित्रीकरण नैनितालकडे झाले, पण परत आल्यावर पाहिले तर बरीचशी फिल्म धुरकट होऊन खराब झालेली. पुन्हा तिकडे जाणे परवडणारे नव्हते. मग इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात पाइनची खोटी झाडे उभी करून ती दृश्ये पुन्हा घेतली. पडद्यावर ज्या धुक्यात मधुमती दिसते-नाहीशी होते, त्यातले काही आपल्या नाशिक जिल्ह्यातले आहे. आम्ही लहानपणापासून ज्याला कुमाऊँ समजलो!

साठच्या दशकातल्या चित्रपटांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांत तेच ते फार आहे. बिरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'कोहरा' (१९६४), राज खोसलांचा 'वह कौन थी' (१९६४). पहिल्यात गाणी शकील बदायुनींची, दुसऱ्यात कैफी आजमींची, तिसऱ्यात राजा मेहदी अली खान यांची. रात्री दलदलीतून येणारा बाईचा आवाज असो की पावसात गाडीत येऊन बसलेली पांढऱ्या साडीतली साधना असो, तिच्या तोंडी भाषा उर्दूच. आमच्या शाळांत मुले ज्या जबानमध्ये गणित शिकतात, ती जबान सिनेमात एक तर कोठ्यावर, एक तर दरबारात, नाहीतर भुताच्या तोंडी सापडते, हे सांगताना मला हसू येते आणि वाईटही वाटते. यांपैकी 'वह कौन थी' जरूर पाहा. त्यात भुताचे सोंग आणतात ते इस्टेटीसाठी. तेच महत्त्वाचे. घर कुणाचे, यावरून भांडण असते आणि भुताची अफवा ही त्या भांडणातली एक चाल असते.

आता रामसे. यांना हसणे सोपे आहे आणि मीही पुष्कळ हसले आहे. पण त्यांची गोष्ट कराचीत सुरू होते. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना, म्हणून रामसिंघानीचे रामसे झाले. १९४७ मध्ये कुटुंब सर्व सोडून मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटले. सात मुलगे. वडिलांना सिनेमाची हौस होती. १९७० मध्ये त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, पण त्यातल्या एका दृश्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला शिरतात, तेवढ्यापुरते थिएटर शहारायचे. मुलांनी ते हेरले. ज्या दृश्याला लोक घाबरतात, त्याचाच आख्खा सिनेमा का करू नये?

अशा रीतीने १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. घरातलीच माणसे, कुणी दिग्दर्शक, कुणी कॅमेऱ्यावर, कुणी आवाजावर, बायका स्वयंपाकाला, असे सगळे बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन महिना-सव्वा महिन्यात तो उरकला, हे या भावांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. चित्रपटाच्या नावाकडे मात्र कुणी फारसे लक्ष देत नाही. उर्दू जाणणाऱ्या माणसाला 'दो गज़ ज़मीन' म्हटले की एकच आठवते, रंगूनच्या कैदेत मेलेला शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर आणि त्याच्या नावावरची ती गझल. कराचीहून उखडून आलेल्या सिंधी कुटुंबाने आपल्या पहिल्या भूतपटाला आपल्या मातीत कबरही न लाभलेल्या माणसाचे शब्द नाव म्हणून द्यावेत! त्यांनी एवढा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. चटकदार नाव हवे होते, मिळाले. पण शब्द स्वतःबरोबर आपला इतिहास घेऊन येतात.

'महल'मधले भूत माणूस निघायचे. रामसेंचे भूत भूतच असते, आणि त्याला रबराचा चेहरा असतो. तिथे चित्रपटकलेची घसरण झाली यात शंका नाही. तरी 'पुराना मंदिर'मधली पहिली पंधरा मिनिटे मी कुणालाही पाहायला सांगेन. निळा-लाल उजेड, जमिनीवर सरपटणारा धूर, आणि तो वाडा. आमचा वाडा.

वाड्यांचे सेट उभारणे त्यांना परवडत नव्हते. मुंबईपासून जवळ, रिकामा, भव्य आणि भाड्याने मिळणारा खराखुरा राजवाडा त्यांना मुरूडला सापडला. दादीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर हे एवढेच आहे. संस्थान गेले, तनखे १९७१ मध्ये बंद झाले, वाड्याला माणसे उरली नाहीत, म्हणून कॅमेरा आला.

पण सरळ उत्तराने माझे समाधान झाले नाही, कारण एव्हाना मी त्या घरातल्या एका बाईविषयी वाचले होते. नाझली रफिया बेगम, नवाब सिद्दी अहमद खान यांची पत्नी. मुंबईच्या तय्यबजी-फैजी परिवारातली, अतिया फैजींची थोरली बहीण. अतिया १९०६ मध्ये लंडनला गेल्या त्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला, म्हणजे आजच्या भाषेत बी.एड. करायला. तिथून लिहिलेली त्यांची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रात छापली जात असे, पुढे १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तक झाले. १९०८ मध्ये नवाब, नाझली बेगम आणि अतिया युरोप आणि तुर्कस्तानच्या प्रवासाला गेले. त्यावर नाझलींनी उर्दूत 'सैर-ए-यूरोप' हे पुस्तक लिहिले. अतियांना आलेल्या इक्बाल यांच्या पत्रांत जंजिऱ्याच्या आमंत्रणाचे उल्लेख आहेत. इक्बाल यायचे म्हणत राहिले, येऊ शकले नाहीत. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका संस्थानाच्या बेगमने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी उर्दूत प्रवासवर्णन लिहिले, हे उर्दू शाळेत शिकून, उर्दू शाळेत शिकवूनही मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. सामरी मात्र आठव्या वर्षापासून ठाऊक होता.

'पुराना मंदिर'मध्ये सामरीचा शाप काय आहे? या राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आणि खऱ्या वाड्यात काय घडले? नाझली बेगमना मूल झाले नाही. १९१३ मध्ये नवाबांनी वारसासाठी दुसरे लग्न केले आणि नाझलींचा संसार संपला. रामसेंना हे माहीत असण्याचे काही कारण नाही. मला ते कळले त्या रात्री झोप आली नाही एवढे खरे. सिनेमा पाहून कधी माझी झोप उडाली नव्हती.

पुढची हकीकत ऐका. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, अतिया, त्यांचे पती चित्रकार फैजी रहमीन आणि नाझली बेगम मुंबई सोडून कराचीला गेले. तिथे त्यांनी 'ऐवान-ए-रिफअत' नावाची वास्तू उभारली. काही वर्षांनी तीही सुटली आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. अतिया १९६७ मध्ये वारल्या, त्यानंतर नाझली. म्हणजे १९४७ मध्ये एक कुटुंब कराचीहून मुंबईला आले आणि १९४८ मध्ये दुसरे मुंबईहून कराचीला गेले. पस्तीसेक वर्षांनी पहिल्या कुटुंबाच्या मुलांनी दुसऱ्या कुटुंबातल्या बेगमच्या संस्थानी वाड्यात कॅमेरा लावला आणि तिथे भूत बसवले. या दोन्ही घरांतल्या कुणीही कुणाचे काही वाईट केले नव्हते.

कुणी म्हणेल की भुताच्या सिनेमात एवढे काय शोधायचे. मीही त्याच वाटेने आणखी दोन चित्रपट पाहिले, ते सांगून पुन्हा सहलीकडे वळते. एक १९६७ चा लाहोरचा 'ज़िंदा लाश'. ड्रॅक्युलाचीच कथा, पण माणूस रक्तपिपासू होतो तो कुणा पिशाच्चाच्या शापाने नव्हे. प्रोफेसर तबानी प्रयोगशाळेत अमरत्वाचे औषध तयार करून पितो आणि मरणावर मात करायच्या हव्यासाची शिक्षा भोगतो. मरण हे खुदाच्या हाती, त्यात ढवळाढवळ करणारा सैतान बनतो. ड्रॅक्युला आपल्या मोहल्ल्यात आणायचा तर असाच आणावा लागेल, हे मला फार हुशारीचे वाटले. मध्येच गाणी आणि नाच आहेत, हसू आवरत नाही.

दुसरा बाबक अनवरी यांचा फारसी चित्रपट 'अंडर द शॅडो' (२०१६). इराण-इराक युद्ध, तेहरानवर क्षेपणास्त्रे पडत आहेत. नवरा डॉक्टर, त्याला आघाडीवर बोलावले आहे. शीदेला पूर्वीच्या राजकीय कामामुळे वैद्यकीय शिक्षण पुढे चालू ठेवू दिलेले नाही. इमारतीतले शेजारी एक-एक करून शहर सोडतात, ती सोडत नाही. छतातून एक क्षेपणास्त्र येऊन न फुटता अडकते आणि त्याच्याबरोबर जिन्न येतो. लहान मुलीची बाहुली हरवते. आमच्या घरात भूत मानत नसत, पण जिन्न मानत, त्यामुळे मी हा सिनेमा एकटीने पाहू शकले नाही, बहिणीला बसवून पाहिला. जिन्नापासून वाचायला शीदे मुलीला उचलून अनवाणी रस्त्यावर धावते, आणि डोक्यावर ओढणी नाही म्हणून पोलीस तिलाच पकडतात. आत जिन्न, बाहेर शिपाई. रबराचा चेहरा कुठेच लागला नाही.

सहलीच्या दिवशी मी माझा टिपणाचा कागद मिटून ठेवला. मुलांना म्हटले, ठीक आहे, सामरीचा बंगला तर सामरीचा बंगला. आता त्या खिडकीकडे पाहा. तिथे एक बेगम राहत होती, ती तुमच्याच भाषेत लिहायची. आणि नाझलींची गोष्ट सांगितली, सिनेमा सांगावा तशी सांगितली. मागचे बाक गप्प झाले. मग रस्त्यावर आईस्क्रीमवाला दिसला आणि इतिहास तिथेच संपला.

परतताना अंधार पडला होता. वाडा पुन्हा लागला तेव्हा गाडीत निम्मी मुले झोपली होती. ओढणीतून पाहणारी ती मुलगी जागी होती. माझ्या बाकाजवळ येऊन तिने विचारले, "टीचर, बेगमसाहेबांची किताब आपल्या लायब्ररीत आहे?"

नाही, असे मला सांगावे लागले. आता त्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीसाठी मुंबईत दोन ठिकाणी चिठ्ठ्या दिल्या आहेत. कपाटात जागा करून ठेवली आहे.